खाडीआई, शके १४९३

१२ नोव्हेंबर

जुन्या धातूच्या कामात रोजची नोंद ठेवावी लागते. माप, रसायन, किती तास लागले, काय निघालं. ती वही रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये असते आणि येणारा-जाणारा कोणीही ती उघडून वाचतो. मनातलं लिहायला ही दुसरी वही घेतली. ही घरी, कपाटात.

मी पुतळे करतो आणि लोकांचे जुने पुतळे नीट करतो. जिल्ह्यातल्या चौकांत जी मंडळी छातीपर्यंत उभी आहेत त्यांतली बरीच माझी. कावळ्यांनी त्यांची दशा केली की पुसायलाही मीच जातो. गेल्या महिन्यात पालीजवळच्या एका शाळेच्या संस्थापकांना नवं नाक बसवलं. संस्थाचालकांना ते जुन्यापेक्षा आवडलं. पण समुद्रातून निघालेलं काम आजवर माझ्या हाताखाली आलं नव्हतं.

आज आलं. दाभोळहून भागोजीदादा टेम्पो घेऊन आले. दाभोळ माझं गाव आणि भागोजीदादा आमचे शेजारी. वय सत्तरच्या पुढे, सध्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. खाडीच्या तोंडाशी त्यांच्या जाळ्यात जड काहीतरी अडकलं. जाळं फाटलं, पण वर आली ती ब्राँझची बाई. उभी आहे. उजवा हात डोक्याच्या वर उचललेला, डाव्या हातात काहीतरी लोंबतंय. अंगभर कालवं चिकटलेली आणि चिखलाचा दगड झालेला. तोंडावर तर थर इतका की नाक कुठे आहे तेही कळत नाही.

"देवी हाय," भागोजीदादा म्हणाले. मी अजून काही विचारलं नव्हतं.

"कशावरून?"

"दुसरं कोण असणार पाण्यात? हात बघ. आशीर्वाद देत्येय. डाव्या हातात राक्षसाचं मुंडकं हाय."

"साफ केल्याशिवाय काही सांगता यायचं नाही."

"तू साफ कर. पण देवीच हाय," ते म्हणाले, आणि आईसाठी दोन पापलेटं टेबलावर ठेवून निघाले. आईसाठी ते कायम मासे पाठवतात. घरी चला म्हटलं की मात्र त्यांना काम निघतं.

१४ नोव्हेंबर

काल झोपताना मनात एक शंका आली. लिहून मोकळा होतो.

१९९३ साली, सव्विसाव्या वर्षी, मी आईचा पुतळा केला होता. आई तेव्हा दाभोळच्या बाजारात मासे विकायची. बापूस मुंबईला गोदीत होते. मी आईला चालताना दाखवली होती. डोक्यावर माशांची पाटी, एक हात पाटीला, दुसरा हात वाऱ्यावर मोकळा, पाऊल असं उचललेलं की बघणाऱ्याला वाटावं आता निघाली. घरामागच्या परड्यात भट्टी लावून ओतला. मुंबईच्या एका प्रदर्शनात तो निवडला गेला. मचव्यातून पाठवला, आणि खाडीच्या तोंडाशी मचवा कलंडून तो बुडाला. मचवा हाकणारे तांडेल भागोजीदादाच होते. बिचारे पुढे महिनाभर माझ्यासमोर आले नाहीत.

त्यानंतर शंभरावर पुतळे केले, पण तसा हात पुन्हा लागला नाही. माझं सगळ्यात चांगलं काम पाण्याखाली आहे, हे मी लोकांना सांगतो. दीपालीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे की जरा जास्तच सांगतो.

तर आज शेडवर जाऊन टेप लावली. ही मूर्ती चार फूट सात इंच. माझा पुतळा सहा फुटी होता. हिच्या डोक्यावर पाटी नाही. हिचे पाय जमिनीत रोवल्यासारखे आहेत. दंड पाहता हिच्या कारागिरानं माणसाचं शरीर कधी नीट बघितलेलंच नसावं. शंका मिटली. बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

२० नोव्हेंबर

मूर्ती टाकीत ठेवली आहे. धातूत मुरलेलं मीठ काढायला ती गोड्या पाण्यात बुडवायची, आठवड्याला पाणी बदलायचं. पाण्यात थोडं रसायन असतं.

आज दाभोळहून तीस माणसं दर्शनाला आली. मी वरच्या कपाटातून डिस्टिल्ड पाणी काढत होतो तेवढ्यात दोन बायका टाकीतलं पाणी तळहातावर घेऊन तोंडाला लावताना दिसल्या. मी धावलो. कोणाला काही झालं नाही, फक्त एकीला तोंड कडू लागलं. ती म्हणाली, इतकी वर्षं समुद्रात राहून कडू होणारच.

नंतर पाटी लिहून टाकीला लावली: "हे पाणी पिऊ नये." संध्याकाळी शेड बंद करायला गेलो तर पाटीला झेंडूचा हार.

शेवटी नळाचं पाणी तांब्यात भरून टाकीशेजारी ठेवलं आहे. तेवढ्यानं भागतंय.

२८ नोव्हेंबर

पाय मोकळे झाले. डॉक्टरी सुरीनं एकेक कालव उचकटायचं, मग बांबूची काडी, मग दात घासायचा ब्रश. दिवसाला पाच-सहा चौरस इंच होतात.

पाय जाड आहेत, बोटं पसरलेली. उजव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलाय, जसा कोणाचाही वळत नाही. शेडच्या नोंदवहीत लिहिलं: "कारागीर स्थानिक, शिक्षण नसलेला. भक्तिभाव आहे, निरीक्षण नाही."

दीपाली डबा घेऊन आली होती. मूर्तीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अंगठा तुमच्या पुतळ्यांसारखाच आहे की."

"माझ्या कुठल्या पुतळ्याला असा अंगठा आहे?"

"सगळ्यांना. संस्थापकांचे पाय नाहीत म्हणून वाचले."



६ डिसेंबर

डावा हात साफ झाला. राक्षसाचं मुंडकं नाही. मासा आहे. शेपटीला धरलेली, चांगली दोन फुटी सुरमई.

भागोजीदादांना फोन केला. मासा निघाला म्हणून सांगितलं.

"दादा?"

"मासा."

"हो."

"म्हणजे आमचीच ती," ते म्हणाले. मग आवाज चढला. "आनंदा, मासा हातात घेतलेली देवी ऐकलीस कधी? आमची, दर्यावाल्यांची देवी. आमच्यासाठी आली."

त्याच दिवशी सोसायटीची बैठक झाली. देवीचं नाव ठरलं खाडीआई. धक्क्याजवळ सोसायटीच्या जागेत देऊळ बांधायचं. सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्याला सुट्टी दिली म्हणे.

मी कपाळाला हात लावून बसलो, पण खरं सांगायचं तर उत्सुकताही वाटली. उजवा हात वर, डाव्या हातात मासा, अशी मूर्ती कुठल्याच पुस्तकात नाही. निष्कर्ष: अज्ञात परंपरा.

१५ डिसेंबर

पुण्याहून मृणाली आली. जुन्या मूर्तींवर संशोधन करते. वय तिशीचं, बोलणं भराभर. पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत अर्ज करून झालाय, उत्तर नाही, तोवर निदान अभ्यास तरी करून ठेवू, असं तिचं म्हणणं. मला "सर" म्हणते.

तिच्यासमोर मूर्ती आडवी करून बैठकीची पोकळी साफ केली. आत उजव्या पायात लोखंडाची सळई निघाली. पिळाची, हल्ली स्लॅबला घालतात तशी. मृणाली माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं, मधल्या काळात कोणीतरी दुरुस्ती केली असणार. तिनं लिहून घेतलं.

मग पोकळीच्या वरच्या बाजूला कोरलेलं दिसलं. ओतण्याआधी मेणावरच काडीनं लिहिलेलं असावं. "आ", थोडी जागा, आणि "९३". मधलं सगळं गंजानं खाल्लेलं.

मी तासभर भिंग घेऊन बसलो. "आ" म्हणजे आई किंवा आदिमाया. "९३" म्हणजे शकाचे शेवटचे दोन आकडे. मृणालीनं दाभोळ बंदराचा काळ सांगितला, मी अक्षराचं वळण पाहिलं, आणि दोघांचं जमलं: शके १४९३. म्हणजे इसवी सन १५७१.

 मृणालीनं मला लेखी अभिप्राय मागितला. मी दोन पानं लिहून दिली, सहीशिक्क्यानिशी. वर्तमानपत्रात येईल, ती म्हणाली. शंभरावर पुतळ्यांनंतर माझं नाव पहिल्यांदा बातमीत येणार. घरी जाताना गोड म्हणून खाजं घेऊन गेलो.

२६ डिसेंबर

देवस्थान समिती आली. म्हणजे सोसायटीचीच माणसं, नवीन नावानं. पोटावरचा थर निघाला होता. भागोजीदादा पुढे होऊन हळूच म्हणाले, "पोट जरा कमी होईल काय?"

"दादा, ही साडेचारशे वर्षांची मूर्ती आहे."

"म्हणून सांगतोय. इतक्या वर्षांत सुटलं असेल."

दुसऱ्यानं विचारलं, कंबर घेता येईल का. तिसऱ्याला आणखी दोन हात हवे होते, एकात शंख. मी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि नोंदवहीचं पहिलं पान वाचून दाखवलं. जुन्या कामात स्वतःचं काही घालायचं नाही, मूळ कारागिराच्या चुका सुधारायच्या नाहीत. त्याला जे दिसलं ते त्यानं केलं. आपण कोण?

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माझाच अभिमान वाटला.

३ जानेवारी

आई मागे लागली म्हणून तिला शेडवर नेलं. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, पण नजर घारीची. इतके दिवस देवीचं नाव काढलं की ती विषय बदलायची. आज सकाळी स्वतःच पदर खोचून तयार बसलेली.

मूर्तीसमोर खुर्ची टाकून दिली. हात जोडलेन नाहीत. नुसती बघत राहिली.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"हिला मासा धरता येत नाय."

"आई, ती देवी आहे."

"असू दे. शेपटीला धरलेली सुरमई सटकत्ये हातातून. कल्ल्यात बोटं घालून धरायची, म्हणजे गिऱ्हाईकाला आतला लाल रंग दिसतो. हजार वेळा सांगितलं."

"कोणाला सांगितलंस?"

ती उठायला लागली. मी हात दिला. उठताना मूर्तीच्या तोंडावरच्या कालवांकडे बघून म्हणाली, "तोंड कधी काढणारेस?"

"शेवटी. तिथे थर जाड आहे."

"राहू दे तसंच. देवाचं तोंड झाकलेलं बरं."

म्हातारपणी माणूस असं काहीही बोलतो.

९ जानेवारी

आज तोंड मोकळं झालं.

आई आहे. माझी आई.

१० जानेवारी

काल पुढे लिहवलं नाही.

आधी डावा कान निघाला, पाळी फाटलेली. नोंदवहीत मी "ओतकामातला दोष" असं लिहिलंसुद्धा. आईची पाळी तशीच आहे. लहानपणी मी कानातली कुडी ओढली होती. मग हनुवटी, मग गाल, आणि दुपारी दोनच्या सुमारास डोळे. ब्रश हातात घेऊन मी स्टुलावर किती वेळ बसलो होतो ठाऊक नाही. पाणी बदलायचं राहिलं.

चार फूट सात इंच. एकतीस वर्षांत मी तिला सहा फूट केली. हातात मासा होता तो विसरलो. पाटी वेगळी ओतून डोक्याला रिबिटांनी बसवली होती. ती खाडीत कुठेतरी असेल. पाऊल उचललेलं नव्हतंच कधी. "आ ९३" ही माझी सही. तेव्हा मला वाटायचं सही कोणाला दिसू नये. आणि पिळाची सळई मीच परड्यातल्या विहिरीच्या कामातून उरलेली उचलून घातली होती.

वाईट कशाचं वाटतं ते सांगतो. ती सापडली याचा आनंद व्हायला हवा. पण दोन महिने मी या कारागिराला रोज नावं ठेवतोय, आणि त्यातलं एकही नाव चुकीचं नाही.

आईला रात्री सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ट्रंकेतून एक फोटो काढून दिलान. मी, परड्यात, पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा. पुतळा माझ्या छातीपर्यंत. डोक्यावरची पाटी आणि तिला धरलेला हात फोटोत कापला गेलाय, मासा माझ्या आड.

"हा तुझ्याकडे होता?"

"तू मागितलास कधी?" ती म्हणाली.

१६ जानेवारी

दाभोळला जाऊन समितीला खरं सांगितलं. देवळाचं जोतं झालंय, चिऱ्याच्या भिंती खांद्यापर्यंत आल्यात. मृणालीही आली होती. मी उभा राहून म्हणालो, ही मूर्ती मी केली आहे, १९९३ साली, इथून तीन घरं सोडून.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मृणालीनं फाईल उघडली. "सर, तुमचाच अभिप्राय आहे. 'कारागिराला शरीरशास्त्राचं ज्ञान नाही. हे काम प्रशिक्षित हाताचं असणं अशक्य.' तुम्ही तर प्रशिक्षित आहात."

"तेव्हा मी नुकताच शिकून आलो होतो."

"अशा कामात असं होतं, सर. आपण महिनोन्महिने एका वस्तूबरोबर असतो. जीव गुंततो."

फोटो दाखवला. हातोहात फिरला. रंग उडालेला आहे, चेहरा पुसट. एकानं विचारलं, ह्यात हात वर कुठे आहे. मी म्हटलं, कापला गेलाय. तो म्हणाला, बरोबर.

मी भागोजीदादांकडे वळलो. "दादा, तुम्ही मचव्यावर होतात. तुम्हाला आठवत असेल ना पुतळा कसा होता?"

भागोजीदादा जमिनीकडे बघत होते. "गोणपाटात बांधलेला होता," ते म्हणाले. मग मान वर केली. "आणि समज, तूच केलास. तर तुझ्याकडून करून कोणी घेतला? पाण्यात कोणी नेला? आणि इतक्या वर्षांनी वर कोणी आणला? माझ्याच जाळ्यात?"

 बैठकीत पुढचा विषय मंडपाचा होता.

२५ जानेवारी

शेवटचा उपाय म्हणून जित्ता पुरावा काढला. समितीच्या बायका मूर्ती नेण्याआधी ओटी भरायला शेडवर येणार होत्या. आईला मी मूर्तीशेजारी उभं केलं. तिला नको होतं. मी हट्ट केला. आज त्याची लाज वाटते.

"आई, पाटी धरल्यासारखा हात वर कर."

तिनं केला. ब्याऐंशी वर्षांची, पण हात गेला तो नेमका तिथे. कोपराचा कोन, मनगट, सगळं. एका बाजूला ब्राँझ, एका बाजूला आई. शेडमध्ये वीसेक बायका होत्या. त्यांना दिसलं. दिसलंच.

मी म्हटलं, "आता बोला."

काशी नावाची एक बाई होती, सुकटीचा धंदा करणारी. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं, पुढे आली आणि आईच्या पायांवर डोकं टेकलं. "आवशीनं रूप दावलान," ती म्हणाली. मग सगळ्या वाकल्या.

"अगो उठा," आई म्हणाली. "माझे गुडघे दुखतायत."

मागच्यांना ऐकू आलं नाही. काय म्हणाली, काय म्हणाली, असं सुरू झालं. "गुडघे दुखतायत म्हणत्ये."  मग काशी रडायला लागली. "इतकी वर्षं उभी हाय पाण्यात. बसायला कोणी दिलंन तिला?"

दुपारी भागोजीदादांचा फोन. गाभाऱ्यात मूर्तीशेजारी एक खुर्ची ठेवायचं ठरलं आहे. सागवानी. मी विचारलं, उभी मूर्ती खुर्चीवर बसणार कशी. ते म्हणाले, ते तिचं ती बघेल.

आई घरी येऊन पाय शेकत बसली. खूश होती की चिडलेली, मला कळलं नाही. संध्याकाळी दीपालीला म्हणाली, "वीस बायका पाया पडल्या. बाजारात बसायचे तेव्हा जागेवरून उठवायच्या."

५ फेब्रुवारी

मूर्ती उद्या जाणार. मेणाचा शेवटचा हात दिला. तांबूस-काळा रंग आलाय, खांद्यांवर थोडा हिरवा ठेवला आहे.

मृणालीला विनंती केली. कोणाला काही पटवायचं नाही, माझं नाव नको, फक्त उजव्या पायाचा अंगठा मला नीट करू द्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मला आता पाय येतात करता.

ती फार नम्रपणे बोलली. "सर, तुमच्याच वहीत पहिल्या पानावर आहे. मूळ कारागिराच्या चुका सुधारायच्या नाहीत."

"पण मूळ कारागिराला स्वतःला वाटत असेल तर?"

"त्याला आता कुठे विचारणार?" ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखर त्या माणसाबद्दल माया होती. मला मत्सर वाटला. कोणाचा, ते सांगता येत नाही.

१२ फेब्रुवारी, माघी पौर्णिमा. दाभोळ.

प्रतिष्ठापना झाली. दोन हजार माणसं. होड्यांना पताका. भटजींनी मासा कुठल्या मंत्रात बसवायचा यावर दोन दिवस विचार केला होता म्हणे, बसवला.

मला शाल आणि नारळ मिळाला. निवेदकानं वाचून दाखवलं: "ज्यांनी देवीची सेवा केली असे मूर्ती साफ करणारे आनंदा." टाळ्या वाजल्या.

आईला दर्शनाला रांगेत उभं राहावं लागलं. पुढे नेतो म्हटलं तर नको म्हणाली. पाऊण तास उभी होती, माझ्या हाताचा आधार घेऊन. रांगेतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, तोंडावर केवढी शांती आहे बघा. मला ते पटलं नाही. मी तोंड सगळ्यात जवळून पाहिलंय. दिवसभर पाटी वाहून घरी आलेली बाई दारात उभी राहून आत कोणी दिवा लावलाय का बघते, तसं ते तोंड आहे. शांती म्हणायची तर म्हणा.

आमची पाळी आली. आईनं ओटीत नारळ ठेवला, तांदूळ ठेवले. मान वर करून बघितलं. मागून ढकलाढकली सुरू झाली, पुढे चला, पुढे चला. स्वयंसेवकानं तिच्या पाठीला हात लावला. "आजी, सगळ्यांना बघायचंय."

"मला नाय बघायचं," आई म्हणाली, आणि बाजूला झाली.

भागोजीदादा गाभाऱ्याच्या दाराशी होते. आई त्यांच्यासमोर थांबली. त्यांनी हात जोडले. देवीला जोडतात तसे, की माफी मागताना जोडतात तसे, मला नक्की सांगता येणार नाही.

"जाऊ दे भागोजी," आई म्हणाली. "तू तुझं काम केलंस. तिला कोणी वर ये म्हटलं नव्हतं."

१३ फेब्रुवारी

रत्नागिरीला परत. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीनं आलो. गाडी बोटीवर चढवली. आईला वारा हवा होता म्हणून दार उघडून तिला तशीच सीटवर बसवली, पाय बाहेर. खाडी मोकळी दिसत होती. ती तोंडाकडे, समुद्राच्या बाजूला बघत होती.

"तिकडे," ती म्हणाली.

"काय तिकडे?"

"तिकडे टाकायला सांगितलं होतं भागोजीला."

मला आधी समजलंच नाही. "मचवा कलंडला होता ना?"

"पाणी ताटासारखं होतं त्या दिवशी. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, टाकला नाहीस तर माझ्या दारात येऊ नकोस. तो टाकूनसुद्धा आला नाय."

बोटीवर एक ट्रक होता, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा. त्याचा ड्रायव्हर मोबाईलवर जोरात बोलत होता. ते संपेपर्यंत मी थांबलो.

"का पण? पोटासाठी? तेव्हा तू म्हणाली होतीस, मुंबईवाल्यांना माझं पोट दाखवू नको."

"पोटाचं काय, ते होतंच."

"मग?"

"तुझे बापूस तेव्हा मुंबईत होते." ती थांबली. "चार वर्षं घरी आले नव्हते. तिकडे दुसरं बिऱ्हाड केलेलं. तुला कोणी सांगितलं नाय. दर शिमग्याला माणूस यायचा त्यांच्याकडला, आणि मी निरोप द्यायचे, आम्ही मजेत आहोत, मला कशाची ददात नाय. आणि तू मला तिकडे पाठवायला निघालास. पेपरात छापून येणार म्हणालास. कोणीतरी नेलं असतं त्यांना बघायला."

"त्यांनी ओळखलं नसतं, आई. मला स्वतःला दोन महिने ओळखता आलं नाही."

"तू कालवांतून कुठून ओळखणार. त्यांनी तोंड बघितलं असतं." आई पदरानं डोळ्यांवरचा वारा पुसत होती. "पाय चुकले होते, हात चुकला होता, मासा तर शेपटीला धरलेला. तोंड तेवढं बरोबर केलं होतंस. म्हणून."

बोट धक्क्याला लागली. पुढच्या गाड्या उतरल्या, ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. मी आईचे पाय आत घेतले, दार लावलं. मग किल्ली फिरवली.